दोन हातांचा रेणू

“आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही,” मी म्हणालो. “आणि बसलाच, तर मी समजेन की आपण म्हातारे झालो, सांगणं जमेनासं झालं.”

जयेश गावितनं खारी चहात बुडवली होती. ती वेळेवर बाहेर काढायचं तो विसरला आणि अर्धी खारी कपाच्या तळाशी गेली.

दुपारची वेळ, आमच्या संस्थेचं कँटीन. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कँटीनमधून मला अजून कोणी निवृत्त केलेलं नाही. समोर डॉ. यामिनी ढमढेरे बसली होती. एके काळची माझी विद्यार्थिनी, आता माझ्याच जुन्या प्रयोगशाळेची मालकीण आणि जयेशची गाइड. जयेश पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात आलेला. दोघांचं सकाळपासून बिनसलं होतं. जयेशनं पेशींमध्ये रेणू घातला की जे विरघळायला हवं ते उलट वाढत होतं. त्याला डोस आणखी वाढवून बघायचा होता, आणि यामिनीनं रेणूच्या फ्रीझरची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावून घेतली होती.

“पेशींची शेवटची बशी आहे ती,” यामिनी म्हणाली. “मारून टाकलीस तर हातात काय राहील?”

“आणि नाही टाकला तर काय राहणार आहे, मॅडम?”

“गाइड सांगतात ते ऐकावं रे,” मी मध्ये पडलो. “ह्याच बाईचा किस्सा आहे. हिनं गाइडचं ऐकलं म्हणून आज डॉक्टर आहे.”

यामिनीनं डबा उघडला. “दाणींचा?”

“दाणींचाच.”

“सांगा,” ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली. “यंदा किती वाढलाय बघू.”

तर तेव्हा यामिनीचा प्रबंध तपासून आला होता आणि तोंडी परीक्षेला नागपूरहून डॉ. मोरेश्वर दाणी येणार होते. दाणी म्हणजे वाघ. त्यांनी परत पाठवलेले प्रबंध एकावर एक ठेवले असते तर आपल्या पाण्याच्या टाकीवर चढायला जिना झाला असता. त्यात माझा हात गळ्यात. टेकडीवर सकाळी फिरायला गेलो होतो, तिथे बिबट्या आडवा आला...

“मागच्या खेपेला रानडुक्कर होतं, सर,” जयेश म्हणाला.

“डुक्कर पुढे होतं. बिबट्या त्याच्या मागे लागला होता.”

“स्कूटरवरून पडले होते,” यामिनी म्हणाली. “स्टँडवर लावलेल्या.”

मला त्या बाजूनं जरा कमी ऐकू येतं.

दाणी आले. हस्तांदोलनाला मी बिबट्याची हकिगत सांगत डावा हात पुढे केला, तो त्यांनी नुसताच पाहिला. खुर्चीत बसले, यामिनीचा प्रबंध टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात ठेवून म्हणाले, “चित्रं फार सुंदर आहेत, बेटा. इतकी सुंदर, की मला रात्री झोप नाही आली.”

यामिनीला वाटलं कौतुक आहे. मला वाटलं नाही. मी नागपूरच्या माणसांना ओळखतो.

चित्रं कसली होती ते सांगितलं पाहिजे. पेशीच्या आत भिंती नसतानाही खोल्या असतात. आमटीवर तेलाचे डोळे जमतात ना, तसे काही प्रथिनांचे थेंब आतल्या पाण्यातून वेगळे होतात, तरंगतात, एकमेकांत मिसळतात. पेशीला ताप चढला, ती घाबरली की थेंब जमतात. ती निवली की विरघळतात. हे येणंजाणं चाललेलं असेल तोवर सगळं ठीक. काही थेंब मात्र विरघळायचं विसरतात, साखरेच्या पाकासारखे घट्ट होत जातात, आणि मेंदूच्या काही आजारांत तसलेच घट्ट गोळे सापडतात. यामिनीनं एक छोटासा रेणू तयार केला होता. दोन टोकांचा. दोन्ही टोकांनी तो थेंबातल्या प्रथिनाला धरायचा. तो घातला की तापलेल्या पेशीतलेसुद्धा थेंब विरघळतात, असं तिचं म्हणणं. सगळी हयात पेशी बघण्यात घालवलेल्या मलाही पहिल्यांदा बघताना खुर्ची धरावी लागली होती.

“चित्र काय, आजकाल कोणीही रंगवतं,” दाणी म्हणाले. “आणि ह्या कामाचे गाइड कोण, तर हे पेंडसे. ह्यांनी हैदराबादच्या परिषदेत भर व्यासपीठावर सांगितलं होतं, की ह्यांच्या पेशी ह्यांचा आवाज ओळखतात.”

“ओळखत होत्या,” मी म्हणालो.

“बघा.” दाणी यामिनीकडे वळले. “तुझा दोष नाही, बेटा. पण ज्या घरात पाहुण्यांना रोज बिबटे दाखवतात, त्या घरच्या पोरीनं खरा वाघ पाहिला तरी कोण मानेल? मला प्रश्न विचारायचे नाहीत. मला डोळ्यांनी बघायचंय. आत्ता, माझ्यासमोर. थेंब विरघळले तर सही करून जेवायला जातो. नाही विरघळले, तर चित्रांविषयी शंका आहे असं अहवालात लिहीन.”

चित्रांविषयी शंका. एवढेच शब्द. पण आमच्या धंद्यात ते कपाळावर गोंदल्यासारखे असतात. पदवी तर जातेच, पुढे कुठली प्रयोगशाळा दारातसुद्धा उभं करत नाही. आणि ही पोरगी कुणाची? सासवडच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या ढमढेरे मास्तरांची, ज्यांनी कॉपी करताना सापडला म्हणून सख्ख्या भाच्याला वर्गाबाहेर काढलं होतं. ती घरी जाऊन काय सांगणार होती?

तिनं मला काही विचारलं नाही. उठली आणि म्हणाली, “या, सर.”

सूक्ष्मदर्शकाची खोली तुम्हाला माहीत आहे. दिवसासुद्धा अंधार, पडद्यावर तेवढा उजेड. बशी एकच होती, कारण परीक्षेत कोणी प्रत्यक्ष प्रयोग करायला सांगेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं बशी चढवली. प्रथिनाला चमकणारं हिरवं शेपूट जोडलेलं, त्यामुळे पडद्यावर पेशी दिसली ती अमावस्येच्या रात्री लांबून दिसणाऱ्या गावासारखी, सगळीकडे मंद हिरवं. मग तिनं बशीखालचा हीटर वाढवला. थोड्या वेळानं त्या धुक्यात एक ठिपका उमटला, मग दुसरा, मग नजर ठरेना इतके.

“थेंब आले,” दाणी म्हणाले. “हे मला नागपूरलाही दिसतं. पुढे.”

यामिनीनं रेणू सोडला. नेहमीचा डोस.

आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो. दोन ठिपके जवळ आले, एकमेकांना टेकले आणि एक झाले. शेजारचे दोन, तेही एक झाले. मला वाटलं हे सुरुवातीचं असेल, आता फिरेल. फिरलं नाही. थेंब मोठे होत गेले. वाटाण्याएवढे, मग लिंबाएवढे, मग...

“पेशी आहे की बाजार समिती, सर?” जयेश म्हणाला.

“पडद्यावर म्हणतोय मी. तू खारी खा.”

“सर, वाढतायत,” यामिनी माझ्या कानाशी म्हणाली.

“दिसतंय.”

“असं कधी झालं नव्हतं.”

“हेही दिसतंय मला.”

दाणींनी खिशातून पेन काढलं. टोपण काढलं नाही, नुसतं हातात धरलं. ते टोपण अंगठ्यानं वरखाली करायची त्यांना सवय होती आणि खोलीत तेवढाच आवाज येत होता. टक. टक. हा माणूस दुष्ट नव्हता, हीच अडचण होती. दुष्ट माणसाशी भांडता येतं. दाणींच्या तोंडावर स्वच्छ वाईट वाटत असल्याचं दिसत होतं.

“कधी कधी होतं असं,” ते म्हणाले. “एकदा चुकून दिसलं की माणूस पुढची चित्रं तशीच दिसावीत म्हणून... तरुण वय असतं.”

“मी एकही चित्र बदललेलं नाही, सर.”

“मी कुठं म्हटलं?”

“तुम्ही पेन काढलंत.”

टक थांबलं. दाणींनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. पडद्याच्या हिरव्या उजेडात तिचा चेहरा मेथीच्या पाण्यासारखा दिसत होता, ओठ सुकलेले.

“सकाळपासून काही खाल्लंस का तू?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“परीक्षेला उपाशी आलीस? आईनं हातावर दहीसाखर नाही ठेवली?”

“ठेवली होती,” यामिनी म्हणाली. “मी पेशींना पण दि...”

आणि ती वाक्याच्या मध्येच थांबली.

आता जयेश, तू ही प्रयोगशाळा नंतरची पाहिलीस. तेव्हा आमच्याकडे एक रीत होती, आणि ती मीच पाडलेली. मोठ्या दिवशी सकाळी पेशींना पोटभर जेवण घालायचं. सीरम, म्हणजे वासराच्या रक्तातून काढलेलं ते पिवळसर पाणी, पेशींचं पक्वान्न. त्याला आम्ही दहीसाखर म्हणायचो. एरवी यामिनी प्रयोगाच्या आधी सीरम धुऊन काढायची आणि बिनसीरमच्या साध्या द्रावणात काम करायची. पण त्या सकाळी प्रयोग ठरलेलाच नव्हता. परीक्षा होती. म्हणून तिनं रीत पाळली. स्वतःच्या तोंडात चमचाभर दही टाकून ती सकाळी आली, बशीत भरपूर सीरम ओतलं, मनात काय म्हणाली असेल ते म्हणाली, आणि बशी झाकून तोंडी परीक्षेची तयारी करत बसली.

“सीरम आहे त्यात,” ती म्हणाली. “धुतलेलं नाही.”

“मग?” दाणी म्हणाले.

“सीरममधल्या प्रथिनांनी माझा रेणू धरून ठेवला. बाहेरच. आत पेशीत थोडाच पोचला असणार.”

“थोडा पोचला, तर परिणाम थोडा कमी दिसेल. थेंब जरा कमी विरघळतील. हे तर उलट वाढतायत.”

यामिनी पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगतो, कारण इथपर्यंतचं श्रेय तिचं आहे, ते मी कधी नाकारलेलं नाही.

“सर, लग्नात एक काका असतात,” ती म्हणाली.

दाणींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे हिलाही लागण झाली, असं त्या नजरेत होतं.

“ओळखी करून देणारे काका,” ती घाईनं म्हणाली. “एका हातानं ह्याला धरतात, दुसऱ्या हातानं त्याला ओढतात, ‘अरे हे आपले अमके’ म्हणतात. हॉलमध्ये असे चारदोन काका असले की जिथे काका तिथे घोळका जमतो. दोन घोळके जवळ आले की एखादा काका दोन्हीकडे हात घालतो आणि मोठा घोळका होतो. माझ्या रेणूला दोन हात आहेत. थोडेच रेणू आत गेले, म्हणून ते प्रथिनाला प्रथिन जोडत बसलेत.”

“आणि जास्त गेले तर?”

“पाहुण्यांच्या कितीतरी पट काका आले तर, सर? प्रत्येक पाहुण्याचा प्रत्येक हात एकेका काकानं धरलेला. काकांचा दुसरा हात मोकळा आहे, पण धरायला रिकामा पाहुणाच नाही. मग पाहुणा पाहुण्याला भेटणारच नाही. घोळका फुटेल.”

दाणींनी टोपण एकदा वाजवलं. “म्हणजे तोच रेणू, थोडा असला तर बांधतो आणि पुष्कळ असला तर सोडवतो.”

“हो.”

“प्रबंधात आहे हे?”

“नाही, सर.”

“म्हणजे आत्ता सुचलं.”

“आत्ता दिसलं,” यामिनी म्हणाली.

छान उत्तर होतं, पण दाणींसारखा माणूस काकांवर सही करत नाही. कुपीत रेणू उरला होता तो नेहमीच्या डोसाच्या कितीतरी पट. तो सगळा घालायचा तर दोन गोष्टी होऊ शकत होत्या. एक, ती म्हणते तसं थेंब विरघळतील. दुसरी, पेशीला विषबाधा होऊन ती मरेल. आणि मेलेल्या पेशीत थेंब विरघळले काय, नाचले काय, त्याला काडीचा अर्थ नाही. दाणींनी तेही सांगून टाकलं.

“पेशी मेली तर मी तुला संशयाचा फायदा देणार नाही. न घालता थांबलीस, तर प्रयोग अपुरा राहिला असं लिहितो. सहा महिन्यांनी पुन्हा येईन. शंका बिंका काही लिहीत नाही. विचार कर, बेटा.”

बघ जयेश, केवढी मोठी सवलत होती ती. घरी जायचं, झोपायचं, पुन्हा पेशी वाढवायच्या, सीरम धुवायचं, आणि पुन्हा शांतपणे करायचं. कोणताही शहाणा माणूस तेच म्हणाला असता. पडद्यावर थेंब एवढाले झालेले, कडा जाड होत चाललेल्या. अजून थोडा वेळ गेला असता तर ते घट्ट झाले असते आणि मग कुठल्याही काकाच्या बापाला फुटले नसते. यामिनीनं पिपेट, म्हणजे थेंब सोडायची नळी, उचललेलं होतं. पिपेट कुपीच्या तोंडाशी टकटक वाजत होतं. एकीकडे सहा महिने आणि अब्रू, दुसरीकडे एक बशी.

“आणि?” जयेश म्हणाला. त्याचा चहा केव्हाच निवला होता. यामिनी खाता खाता थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती.

आणि मी पुढे झालो. म्हणालो, “यामिनी, हो बाजूला.” ती झाली. गाइडचं ऐकलं तिनं, हे लक्षात ठेव. काही प्रसंग असे असतात की तिथे अनुभवाचा हात लागतो. मी पिपेट घेतलं. कुपीतला रेणू शेवटच्या थेंबापर्यंत ओढून घेतला. दाणींना म्हणालो, “मोरेश्वरराव, डोळे मिटू नका.” आणि बशीच्या काठावर टोक टेकवून, अंगठा असा, असा सावकाश दाबला. घाई केली तर पेशी धक्क्यानंच उखडतात. लोणी सोडतात तसं सोडलं.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दाणींचा श्वास मला ऐकू येत होता. मग सगळ्यात मोठ्या थेंबाची कडा धूसर झाली. तिथून हिरवं धुकं बाहेर यायला लागलं, चहात दूध पसरतं तसं. शेजारचा थेंब लहान झाला, आणखी लहान झाला, आणि होता तिथे नाहीसा झाला. एकेक करत सगळे गेले. पुन्हा ते अमावस्येचं गाव तेवढं उरलं.

पेशी मेली की जिवंत आहे हे अजून कळायचं होतं.

“धुवा,” दाणी म्हणाले. “रेणू धुऊन काढा. ताप तसाच ठेवा. पेशी जिवंत असेल तर थेंब परत येतील.”

यामिनीनं बशी धुतली, तीनदा. मी आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली आहे, पण एखाद्या आजाराची खूण परत दिसावी म्हणून देवाला हात जोडायची वेळ तेवढी एकदाच आली. पडदा नुसता हिरवा. यामिनी जमिनीकडे बघत होती, तिच्यानं वर बघवेना. शेवटी दाणीच म्हणाले, “बेटा, बघ.”

एक ठिपका होता. मग दुसरा उमटला.

दाणींनी तिथेच, अंधारात, मांडीवर कागद ठेवून सही केली. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी त्या पेशीनं आमच्यादेखत स्वतःचे दोन भाग करायला सुरुवात केली.

“हे यंदाचं नवीन आहे,” यामिनी म्हणाली.

“नवीन कसलं? मागच्या वेळी तुझं लक्ष नव्हतं. दारात दाणी माझ्याकडे वळून म्हणाले, ‘पेंडसे, तुमच्या बिबट्यावर सुद्धा आता विश्वास ठेवावा लागेल.’ तर जयेश, सांगायचं एवढंच, की असल्या वेळी पोरांनी उड्या मारायच्या नसतात. गाइड नाही म्हणतात तर त्याला कारण असतं. धोका पत्करायचा की नाही हे ठरवायला केस पांढरे व्हावे लागतात. माझ्या जागी तुझ्यासारखा एखादा असता तर हात थरथरला असता आणि सगळा डोस बशीबाहेर गेला असता. हा अंगठा होता म्हणून निभावलं.”

मी उजवा अंगठा टेबलावर उभा करून दाखवला. जयेशनं तो आदरानं पाहिला. मग खाली मान घालून म्हणाला, “बरोबर आहे, सर. राहू दे, मॅडम. मी पुन्हा पेशी वाढवतो.”

हे यामिनीला हवं होतं तेच झालं, म्हणून मी तिच्याकडे जरा शाबासकीच्या अपेक्षेनं पाहिलं. तिनं डब्याचं झाकण लावलं. पर्स मांडीवर घेतली, चेन उघडली, फ्रीझरची किल्ली काढली आणि जयेशच्या कपाशेजारी ठेवली.

“सर,” ती म्हणाली, “उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता तुमचा. आणि डाव्या हातानं तुम्ही माझं मनगट धरून मागे ओढत होतात.”